‘नुसतं वाचनालयात बसून काय होणार?’

शिक्षण अर्धवट सुटलेलं, नोकरी नाही, मित्रांचे फोनही येत नाहीत. अशा मुलामुलींच्या पालकांना माझ्याकडून एकच हवं असतं : याला कामाला लावा. चोविशीतल्या एका तरुणाला मी आधी सार्वजनिक वाचनालयात जायला सुचवलं, तेव्हा त्याची आई वैतागलीच. ‘मॅडम, घरात एकटा बसतो, तिथेही एकटाच बसेल. फरक काय?’

फरक असा, की घरी प्रत्येक ताटात ‘मग, काय ठरवलंस?’ वाढलेलं असतं. वाचनालयात कोणी विचारत नाही, आणि बसायचे पैसेही पडत नाहीत. घर आणि कामाची जागा यांपलीकडच्या अशा ठिकाणांना समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ साली ‘तिसरी जागा’ म्हटलं. ज्याची दुसरीच हरवली आहे, त्याला तिसरीची गरज जास्त.

आमचं ठरलं ते इतकंच : रोज ठरावीक वेळी जायचं. वाचलंच पाहिजे असं नाही. उभारी आली की बाहेर पडेन, असं म्हणत राहिलं तर ती येत नाही; बहुतेकदा आधी पाय हलतात, मग मन.

बरेच दिवस तो वर्तमानपत्रामागे तोंड लपवून बसला. मग ग्रंथपालबाईंनी विचारलं, ‘परत आलेली पुस्तकं जागेवर लावायला हात लावशील का?’ माझ्या मते सगळं इथे वळलं. तोवर जो तो त्याला मदत करायला निघाला होता (मीसुद्धा त्यातलीच), बाईंनी त्याच्याकडे मदत मागितली. पुढे तो वयस्कर वाचकांना संगणकावर अर्ज भरून देऊ लागला. एका अभ्यासक्रमाचा स्वतःचा अर्जही त्याने तिथेच भरला. मित्र मात्र अजून फारसे नाहीत.

सगळीकडे अशा बाई नसतात. पण सभासद अर्जातला ‘व्यवसाय’ हा रकाना कोरा चालावा, जुना दंड माफ व्हावा, एवढं कुठलंही वाचनालय करू शकतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००९ साली मुख्यतः बेघर वाचकांसाठी समाजसेविकाच नेमली. ग्रंथपालाने समुपदेशक व्हावं ही अपेक्षा बरोबर नाही.

मुलाची झोप-भूक उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं तो बोलत असेल, तर मात्र आधी मनोविकारतज्ज्ञ.

आणि तो वाचनालयातून आला की ‘आज काय वाचलंस?’ विचारू नका. जेवायला वाढा.