जपानमधील सुट्ट्या: छापलेल्या आणि न छापलेल्या

नमस्कार,

नागोयातील नोकरीबद्दल मनापासून अभिनंदन. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: जपानमध्ये वर्षाला सुट्ट्या किती मिळतात, रुजू होण्यासाठी कंपनीने सुचवलेल्या एप्रिलची अखेर आणि मेचा दुसरा आठवडा या दोन वेळांपैकी कोणती निवडावी, आणि इथल्या ज्या विचित्र दिवसांविषयी तुम्ही ऐकले आहे त्यांपैकी कशाकशाशी तुमचा खरोखर संबंध येईल. मी २०१४ पासून इथे राहतो. पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘सोळा’ असे आहे. मात्र तेवढ्यावर वर्षाची आखणी केलीत तर फसाल, कारण दिनदर्शिकेवर लाल रंगात छापलेल्या दिवशी तुमचे काम थांबेलच असे नाही, आणि ज्या दिवशी अख्खा देश थांबतो ते दिवस बहुतांशी लाल रंगात छापलेले नसतात.

राष्ट्रीय सुट्ट्यांचा कायदा १९४८ सालचा आहे. तेव्हा सुट्ट्या नऊ होत्या. त्या वाढत वाढत सोळा झाल्या. मी आलो तेव्हा ऑगस्टमध्ये एकही सुट्टी नव्हती. २०१६ पासून ११ ऑगस्ट हा ‘पर्वत दिन’ आला. उलट तेव्हा २३ डिसेंबरला सम्राटांच्या वाढदिवसाची सुट्टी असे. २०१९ मध्ये सम्राट अकिहितो पायउतार झाले, नारुहितो गादीवर आले, आणि ही सुट्टी २३ फेब्रुवारीला गेली. नव्या सम्राटांचा वाढदिवस त्या वर्षी राज्यारोहणाआधीच होऊन गेलेला असल्याने २०१९ मध्ये सम्राटांच्या वाढदिवसाची सुट्टीच मिळाली नाही. आता जून आणि डिसेंबर हे दोन महिने पूर्ण कोरडे आहेत. पावसाळी जूनमध्ये हे विशेष जाणवते.

या कायद्यातील दोन नियम लक्षात ठेवावेत. सुट्टी रविवारी आली तर तिच्याऐवजी पुढचा पहिला बिनसुट्टीचा दिवस सुट्टी म्हणून मिळतो. तिला फुरिकाए क्यूजित्सु म्हणतात. उदाहरणार्थ, २०२६ मध्ये ३ मेचा संविधान दिन रविवारी आहे, पण ४ आणि ५ मे या आधीच सुट्ट्या असल्याने बदली सुट्टी सरकून बुधवारी, ६ मे रोजी येते. शनिवारी आलेली सुट्टी मात्र बुडाली म्हणजे बुडालीच. दुसरा नियम असा की दोन सुट्ट्यांच्या बेचक्यात सापडलेला एकटा कामाचा दिवसही सुट्टी होतो. सप्टेंबरचा तिसरा सोमवार हा ज्येष्ठांच्या आदराचा दिवस आणि त्यानंतर येणारा शरद संपाताचा, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा, दिवस यांच्यात नेमका एक दिवस उरला, तर शनिवारपासून सलग पाच दिवस सुट्टी लागते. असे २००९ आणि २०१५ मध्ये झाले, आणि २०२६ मध्येही तसेच जुळते. संपाताच्या दोन सुट्ट्यांची तारीख कायद्यात लिहिलेलीच नाही; खगोलीय गणितावरून ती ठरते आणि आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरकारी राजपत्रात जाहीर होते. सुट्टीची तारीख वेधशाळेच्या आकडेमोडीवर सोडणारा हा कायदा मला मनापासून आवडतो.

आता तुमच्या खिशाशी आणि रजेशी संबंधित भाग. या सोळा सुट्ट्या खासगी कंपनीने दिल्याच पाहिजेत असे कामगार कायदा म्हणत नाही. त्याची किमान अट आठवड्याला एक दिवस, किंवा चार आठवड्यांत चार दिवस विश्रांती, एवढीच आहे. बाकी सर्व कंपनीच्या नियमावलीवर अवलंबून असते. म्हणून करारपत्रावर सही करण्यापूर्वी दोन शब्द शोधा. ‘शूक्यू फुत्सुका-सेइ’ याचा शब्दशः अर्थ आठवड्याला दोन सुट्ट्यांची पद्धत असा होतो, पण व्यवहारात महिन्यातून निदान एका आठवड्यात दोन सुट्ट्या मिळाल्या तरी कंपनीला तो वापरता येतो. दर आठवड्याला नेमाने दोन दिवस हवे असतील तर त्याच्या आधी ‘कान्झेन’, म्हणजे ‘संपूर्ण’, हा शब्द असायला हवा. एका शब्दाने वर्षातले कित्येक शनिवार इकडचे तिकडे होतात. त्यापुढे ‘नेंकान क्यूजित्सु’ म्हणजे वर्षभरातील एकूण सुट्ट्यांचा आकडा पाहा. हा आकडा सर्वांत कमी फसवा असतो.

नागोयाच्या परिसरात याला आणखी एक पदर आहे. तिथल्या मोटार उद्योगातील अनेक कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी नेहमीप्रमाणे चालू असतात, आणि ते वाचवलेले दिवस मे, ऑगस्ट आणि वर्षअखेर या तीन मोठ्या खंडांना जोडतात. तुमची कंपनी या साखळीत असेल तर सरकारी दिनदर्शिका भिंतीवर शोभेपुरतीच राहील. कंपनीची स्वतःची दिनदर्शिका मागून घ्या, आणि मुलांची शाळा मात्र सरकारी सुट्ट्यांप्रमाणे बंद राहील हे गृहीत धरा.

भरपगारी रजेचा कायदेशीर हक्क सहा महिने सलग नोकरी झाल्यावर मिळतो: सुरुवातीला वर्षाला १० दिवस, आणि साडेसहा वर्षांनंतर २० दिवस. काही कंपन्या पहिल्या दिवसापासून थोडी रजा देतात, पण तो त्यांचा चांगुलपणा. एप्रिल-मेमध्ये रुजू झालात तर आपल्या दिवाळीच्या सुमारास ही रजा नुकतीच खात्यावर जमा होत असेल, तेव्हा पहिल्याच वर्षी लांब सुट्टी काढून घरी जाण्याचा शब्द कोणाला देऊ नका. २०१९ पासून वर्षाला किमान पाच दिवस रजा कर्मचाऱ्याने घेतलीच पाहिजे, हे पाहण्याची जबाबदारी मालकावर आहे. रजा शिल्लक ठेवण्यात भूषण मानणाऱ्या वरिष्ठांना यामुळे थोडा आळा बसला आहे.

कधी यावे, याचे माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: मेचा दुसरा आठवडा. २९ एप्रिल, ३, ४ आणि ५ मे या सुट्ट्यांच्या घोळक्याला इथे गोल्डन वीक म्हणतात. मी नेमका त्याच्या तोंडावर आलो. निवासपत्र विमानतळावरच मिळाले, पण घराची किल्ली हातात आली ती २ मे रोजी, शुक्रवारी संध्याकाळी. पत्त्याची नोंद नगरपालिकेच्या कचेरीत करायची असते, त्यासाठी घरात राहायला लागल्यापासून १४ दिवसांची मुदत असते, आणि ती नोंद झाल्याशिवाय बँक खाते नाही, मोबाइल जोडणी नाही. कचेरी उघडली ती ७ मे रोजी. सामान न उघडलेल्या खोलीत, फोनशिवाय, मोजकी रोकड घेऊन मी चार दिवस शेजारच्या उद्यानात फिरत होतो. दोष कुणाचाच नव्हता. मी दिनदर्शिका पाहिली नव्हती, इतकेच.

आता न छापलेल्या सुट्ट्या. ओबोन हा पूर्वजांच्या स्वागताचा सण बहुतेक भागांत १३ ते १६ ऑगस्टला असतो. राष्ट्रीय सुट्ट्यांच्या यादीत तो नाही, तरीही कंपन्या त्या सुमारास बंद राहतात आणि लोक मूळ गावी जातात. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय: पूर्वजांनी येताना घोड्यावरून लवकर यावे, जाताना गाईवरून रमतगमत जावे. पितृपंधरवडा ठाऊक असलेल्या माणसाला यातला भाव समजावून सांगावा लागत नाही. वेगळेपण असे की इथे रात्री चौकाचौकांत नाचही होतो, आणि तुम्हाला त्यात ओढले तर संकोच करू नका.

वर्षअखेर त्याहून कडक असते. कायद्याने सुट्टी फक्त १ जानेवारीची. परंतु सरकारी कचेऱ्या २९ डिसेंबर ते ३ जानेवारी आणि बँका ३१ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद असतात. बहुतेक दवाखानेही बंद, आणि कचऱ्याची गाडीही येत नाही. मुले लहान असतील तर नेहमीची औषधे आधी आणून ठेवा आणि सुट्टीच्या दिवशी पाळीने उघडा राहणारा दवाखाना कोणता, हे पालिकेच्या पत्रकात पाहून ठेवा. त्याआधी घराची आणि कार्यालयाची मोठी साफसफाई होते. तिथे साहेबही हातात फडके घेतात, तेव्हा तुम्ही खुर्चीत बसून राहू नका. नववर्षाची पोस्टकार्डे, नेंगाजो, २५ डिसेंबरपर्यंत टपालात टाकली की बरोबर १ जानेवारीला पोचतात. ही प्रथा ओसरत चालली आहे, पण ज्याच्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला आहे त्याला असे कार्ड पाठवायचे नाही आणि ‘अभिनंदन’ या अर्थाचे नववर्षाचे शब्दही बोलायचे नाहीत, हा संकेत अजून पक्का आहे. अशा घरातून आधीच तसे कळवणारे कार्ड येते. ते जपून ठेवा.

गोल्डन वीक, ओबोन आणि वर्षअखेर या तीनही काळांत प्रवास टाळता आला तर टाळा. टोकियो, नागोया आणि ओसाका जोडणाऱ्या नोझोमी या बुलेट ट्रेनमध्ये या दिवसांत बिनआरक्षित डबेच नसतात. आरक्षण महिनाभर आधी सकाळी दहाला उघडते आणि सोयीच्या वेळा पटकन संपतात.

राहता राहिले ते विचित्र दिवस. यांपैकी बहुतेक दिवशी सुट्टी नसते आणि काही तर निव्वळ विक्रीसाठी आहेत. १४ फेब्रुवारीला इथे स्त्रिया पुरुषांना चॉकलेट देतात, सहकाऱ्यांना दिले जाते ते ‘गिरी’, म्हणजे कर्तव्यापोटीचे. त्याची परतफेड १४ मार्चच्या ‘व्हाइट डे’ला करायची असते, आणि हा दिवस मिठाई उत्पादकांनी १९८० मध्ये रुजवला. अनेक कार्यालयांनी ही देवघेव आता बंद केली आहे, पण तुम्हाला चॉकलेट मिळालेच तर मार्चमधली तारीख विसरू नका. नाताळला सुट्टी नसते. १९७४ च्या एका जाहिरात मोहिमेमुळे त्या संध्याकाळी केएफसीचे तळलेले चिकन खाण्याची रीत पडली, आणि आधी मागणी नोंदवली नसेल तर दुकानापुढच्या रांगेत उभे राहावे लागते.

सेत्सुबुन मात्र मुलांसाठी अवश्य पाळा. साधारणपणे ३ फेब्रुवारीला भाजलेले सोयाबीन उधळत ‘राक्षस बाहेर, भाग्य आत’ असे ओरडायचे, आणि मग वयाइतके दाणे खायचे. हा दिवस वसंतारंभाच्या आदल्या दिवशी येत असल्याने क्वचित सरकतो. २०२१ मध्ये तो १२४ वर्षांत प्रथमच २ फेब्रुवारीला आला. त्या दिवशी वर्षाच्या शुभ दिशेकडे तोंड करून, एक शब्दही न बोलता, भाताची अख्खी गुंडाळी खायची पद्धत मूळची ओसाकाकडची. देशभर ती नेली दुकानांनी. उरलेल्या गुंडाळ्या इतक्या फेकल्या जाऊ लागल्या की २०१९ मध्ये कृषी मंत्रालयाला दुकानदारांना मागणीपुरताच माल करा, अशी विनंती करावी लागली.

अंकांच्या उच्चारांवरून दिवस ठरवण्याची हौस तर अफाट आहे. जपानी मांजर ‘न्यान’ म्हणते आणि दोनला ‘नि’ म्हणतात, म्हणून २२ फेब्रुवारी हा मांजरांचा दिवस. दोन आणि नऊ मिळून ‘निकु’ म्हणजे मांस, म्हणून दर महिन्याच्या २९ तारखेला खाटकाच्या दुकानात सवलत. असे दिवस नोंदवून घेणारी एक संस्थाच १९९१ पासून आहे. हे सर्व विसरलात तरी चालेल, पण दोन तारखा पाठ करा, कारण त्या आणीबाणीचे क्रमांक लक्षात राहावेत म्हणूनच पाळल्या जातात: १० जानेवारी, म्हणजे पोलिसांचा ११०, आणि ९ नोव्हेंबर, म्हणजे आग व रुग्णवाहिकेचा ११९. मुलांना हे क्रमांक त्या निमित्ताने शिकवा.

सर्वांत गांभीर्याने घ्यायचा दिवस १ सप्टेंबर. १९२३ मध्ये याच तारखेला कांतो भागात, म्हणजे टोकियोच्या परिसरात, महाभूकंप झाला. १९६० पासून हा आपत्ती-निवारण दिन आहे आणि शाळांत, कचेऱ्यांत, वस्त्यांत सराव होतात. वस्तीच्या सरावाची, तसेच जवळच्या देवळातील जत्रेची आणि गवत काढण्याच्या सामूहिक कामाची सूचना ‘काइरानबान’ या फिरत्या फळीवरून घरोघरी येते. ती दाराशी आली की वाचता आली नाही तरी फोटो काढून ठेवा, आपल्या नावापुढे खूण करा आणि त्याच दिवशी शेजारच्या घरी पोचवा. ती तुमच्याकडे अडली तर पुढच्या सगळ्या घरांना तारीख उशिरा कळते.