लकव्यानंतर वडील फिजिओला नकार देतात, सारखे रडतात. हा हट्ट आहे की डिप्रेशन?

तुम्ही ऐरोलीहून लिहिलंय, वडील ६४ वर्षांचे. तीन महिन्यांपूर्वी उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलंय. फिजिओ आला की तोंड फिरवतात, अर्धी पोळी खातात, कुणी भेटायला आलं की रडतात. नातेवाईक म्हणतात, 'मनावर घेत नाहीत'. हे वाक्य आधी घरात बंद करा. स्ट्रोकनंतर साधारण तिघांत एकाला डिप्रेशन येतं आणि मेंदूला झालेल्या इजेचाही त्यात वाटा असतो.

रडण्यावरून मात्र निदान करू नका. पाहुणा दारात दिसताच हुंदका फुटला, मिनिटभरात थांबला, विषय बदलला की चेहरा पूर्ववत, असं असेल तर भावना आवरणारा मेंदूतला ब्रेक सैल झालाय. तेव्हा 'रडू नका हो' म्हणत कवटाळलं की रडणं लांबतं. चहाचं विचारा, मॅचचा स्कोअर दाखवा. काहींना दुःख नसतंच, ते आपणहून काही सुरू करत नाहीत, सांगितलं की करतात. तिथे ठरलेलं वेळापत्रक कामाला येतं. आवडीची गोष्टही नकोशी, भूक गेलेली, पहाटे चारला जाग, हे दोन आठवडे जवळपास रोज असेल तर डिप्रेशन धरून चाला.

वडील बोलू शकत नाहीत, त्यामुळे नेहमीची प्रश्नावली अपुरी पडते. १४ दिवस वही ठेवा: झोप किती, ताटात उरलं किती, रडले कशावर, हसले कशावर. ओपीडीत 'कसं वाटतं?' विचारलं की ते नुसती मान डोलावणार. डॉक्टरांना वहीच दाखवा. घरी एका वेळी एकच प्रश्न विचारा, तोही हो-नाहीचा, आणि उत्तराला दहा सेकंद द्या. बहुतेक घरांत तिसऱ्या सेकंदाला दुसरा प्रश्न येतो.

आता खांदा बघा. लुळ्या हाताच्या वजनाने तो सांध्यातून खाली सरकतो, त्यात कुणी हात धरून उठवलं की कळ जाते. मग फिजिओ म्हणजे दुखणं, हेच समीकरण बसतं. शर्ट घालताना उजवा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. बसले की कोपराखाली उशी. व्यायाम सलग पाऊण तास न घेता दहा-दहा मिनिटांचा, आणि कामाशी जोडलेला: स्वतः पेला धरणं, गॅलरीपर्यंत जाणं.

डिप्रेशनची गोळी सुरू करण्याआधी रक्तातलं सोडियम, थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगा. फिट्ससाठी लेव्हेटिरासिटॅम चालू असेल तर तेही सांगा. तिच्यानेही चिडचिड आणि उदासी येते. डिप्रेशनसाठी सहसा सर्ट्रालीन ही गोळी २५ मिलिग्रॅमने सुरू करून ५० वर नेतात. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि इथेच लोक दहाव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून बंद करतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवतात, मग हळूहळू कमी करतात. दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. या वयात या गोळीने सोडियम उतरू शकतं, बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर जास्तच. अचानक गुंगी किंवा गोंधळ दिसला तर लगेच तपासा. शिवाय ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांसोबत ती घेतली की रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून खांद्यासाठी मनाने डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी देऊ नका. काळी शौच झाली तर थेट रुग्णालय गाठा. क्लोपिडोग्रेल चालू असताना फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची दुसरी गोळी शक्यतो टाळतात, ती क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करू शकते.

मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की आपल्याकडे 'म्हणजे ठाण्याला न्यायचं का?' हा टोमणा ठरलेला. ठाण्याच्या १९०१ पासूनच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागही आहे, तिथे दाखवणं म्हणजे भरती होणं नव्हे. ते जमेपर्यंत टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत, चोवीस तास, मोफत बोलता येतं. वडिलांनी खाणाखुणांनी जरी 'मला नको आता हे' असं दाखवलं तरी त्याच दिवशी फोन करा, आणि गोळ्यांचा डबा कुलपात ठेवा.