पोरगं वर जाईल का? मायनर लीगमधले पायरेट्स पाहताना

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधल्या पिट्सबर्ग पायरेट्सच्या हाताखाली, म्हणजे मायनर लीगमध्ये, चार मोठे संघ खेळतात. खालून वर मोजायचं तर ब्रॅडेंटन (सिंगल-ए), ग्रीन्सबरो (हाय-ए), अल्टूना (डबल-ए) आणि इंडियानापोलिस (ट्रिपल-ए). त्याखाली फ्लोरिडा आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधले नवख्यांचे संघ येतात. या वेळी बहुतेकांनी एकच विचारलं आहे : या पोरांमधून उद्याचा मेजर लीग खेळाडू ओळखायचा कसा?

इंडियानापोलिसमध्ये राहतो. स्काउट (खेळाडू हेरणारी) मंडळी सामना सुरू व्हायच्या कितीतरी आधी येऊन बसलेली दिसतात. आम्ही केव्हा जावं, कुठे बसावं?

फाटक उघडताच आत शिरा. सामन्याआधीची फेकाफेक आणि क्षेत्ररक्षणाचा सराव ही फुकटातली परीक्षा असते. आउटफिल्डरला (मैदानात लांब उभ्या क्षेत्ररक्षकाला) सामन्यात एखादीच जोरदार फेक करायला मिळते, कधी तीही नाही. सरावात मात्र तो पाच-सात वेळा पूर्ण ताकदीने फेकतो.

पायरेट्सच्या इतिहासातली सर्वांत मोठी निवड अशाच सरावातून झाली. १९५४ मध्ये पायरेट्सचे जनरल मॅनेजर ब्रँच रिकी यांनी आपले सहकारी क्लाइड सुकफोर्थ यांना रिचमंडला धाडलं होतं, ते ब्रुकलिन डॉजर्सच्या माँट्रियल संघातला पिचर (चेंडू टाकणारा) जो ब्लॅक याला पाहायला. सुकफोर्थ यांची नजर खिळली सरावात आउटफिल्डमधून फेकणाऱ्या एका पोरावर. तो रॉबर्टो क्लेमेंटे. माँट्रियलने त्याला जेमतेम खेळवलं होतं. ८७ सामने आणि सरासरी .२५७ (शंभर प्रयत्नांत साधारण २६ हिट, म्हणजे बेस मिळवून देणारे फटके), एवढ्यावरून कुणी त्याच्या वाटेलाही गेलं नसतं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पायरेट्सने त्याला रूल-५ ड्राफ्टमध्ये (दुसऱ्या संघाच्या मायनर लीगमधला खेळाडू उचलायची सोय) ४,००० डॉलरला उचललं. पुढे त्याच्या नावावर बरोबर ३,००० हिट लागले.

बसायचं कुठे हे तुम्ही कुणाला पाहायला आलात त्यावर ठरतं. चेंडू किती वळतो ते होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागूनच कळतं. उजव्या हाताच्या पिचरची फेकण्याची लकब बघायची तर थर्ड बेसच्या बाजूला (होम प्लेटमागून पाहता डावीकडे) बसा, कारण त्याची छाती तिकडे असते. उजव्या हाताचा बॅटर असेल तर फर्स्ट बेसची बाजू घ्या. डावऱ्यांसाठी दोन्ही उलट. स्काउट तीन-चार डावांनंतर जागा बदलतात ते याचसाठी.

२० ते ८० ही गुण देण्याची पद्धत काय आहे? १०० पैकी का देत नाहीत?

५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. दर १० गुणांचं अंतर साधारण एका प्रमाण विचलनाएवढं धरतात. त्यामुळे ६० चांगला, ७० फार चांगला आणि ८० म्हणजे पिढीतले मोजके. नवखा माणूस एका जागी हमखास घसरतो : समोर चाललेल्या लीगमधली सरासरी तो ५० धरतो. ब्रॅडेंटनमधला सर्वांत वेगवान मुलगा मेजर लीगच्या मापाने ५५ असू शकतो, आणि लिहायचा आकडा तोच.

प्रत्येक कौशल्याला दोन आकडे द्यायचे, आजचा आणि पूर्ण तयार झाल्यावरचा. एकोणीस वर्षांच्या बॅटरला ३०/५५ दिलं तर त्यात अपमान काही नाही. कौशल्यं पाच : बॅटला चेंडू लागणं, ताकद, पळणं, क्षेत्ररक्षण, फेक. पळणं आणि फेक घड्याळावर मोजता येतात, ताकद चेंडूच्या वेगावरून कळते. बॅटला चेंडू लागणं हेच सर्वांत अवघड, आणि सगळ्या मोठ्या चुका तिथेच होतात.

ताजं उदाहरण कॉनर ग्रिफिनचं. मिसिसिपीतल्या शाळेतून आलेला हा मुलगा पळण्यात, फेकण्यात, ताकदीत कुणालाच कमी वाटत नव्हता. शंका होती ती बॅटच्या स्विंगबद्दल, म्हणूनच २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) तो नवव्या क्रमांकापर्यंत उरला. पायरेट्सने त्या वर्षी त्याला अधिकृत सामना न खेळवता स्विंगवर काम केलं. २०२५ मध्ये एकोणीस वर्षांचा असताना तो ब्रॅडेंटन, ग्रीन्सबरो, अल्टूना असा चढत गेला : १२२ सामने, सरासरी .३३३, २१ होम रन, ६५ चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना धावून गाठलेले).

मग बॅट पाहायची कशी? पहिले तीन चेंडू पिचरकडे बघूच नका, फक्त बॅटरच्या पायांकडे बघा. पुढचा पाय चेंडू येण्याआधी जमिनीवर ठाम टेकतो, की चेंडू आला तरी हवेतच? नंतर पुढचा खांदा बघा. उजव्या बॅटरला बाहेर जाणारा स्लायडर (आडवा वळणारा चेंडू) पडला की कच्च्या मुलाचा खांदा फटकन उघडतो, हात मागे राहतात आणि बॅट हवेत फिरते. तयार मुलगा तोच चेंडू मान किंचित वळवून जाऊ देतो. त्या सोडलेल्या चेंडूची नोंद करा, हिटइतकीच ती कामाची आहे. फाउल (रेषेबाहेर गेलेले फटके) कुठे जातात हेही लिहा. उजव्या बॅटरचा फाउल सरळ मागे गेला तर तो वेळेवर आहे. फर्स्ट बेसच्या बाजूला गेले तर उशीर होतोय, थर्ड बेसच्या बाजूला गेले तर घाई. अख्ख्या सामन्यात फास्टबॉलवरचे सगळे फाउल फर्स्ट बेसकडे जात असतील तर सरासरी काहीही असो, वरच्या लीगमधला वेग त्याला जड जाणार.

स्टॉपवॉच घेतलं, पण माझे आकडे नेहमी इतरांपेक्षा चांगलेच येतात. काय चुकतंय?

बहुतेक तुम्ही ‘टक्’ आवाज ऐकून बटण दाबताय. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. प्लेटपासून ३५ मीटरवर बसलात तर आवाज पोचायलाच ०.१ सेकंद लागतो, म्हणजे घड्याळ तेवढं उशिरा सुरू होतं. एक दशांश ऐकायला किरकोळ वाटतो, पण इथे तेवढ्याने १० गुणांचा फरक पडतो. उजव्या बॅटरने फर्स्ट बेस ४.३ सेकंदांत गाठला तर ५०, ४.२ ला ६०, ४.१ ला ७०, ४.० ला ८०. डावरा बेसच्या जवळ उभा असतो, म्हणून त्याच्यासाठी प्रत्येक आकडा ०.१ ने कमी. तेव्हा बॅटला चेंडू लागताना डोळ्यांनी बघून दाबा, आणि पाय बेसला टेकताना बघूनच थांबवा.

शिवाय प्रत्येक धाव मोजायची नसते. इनफिल्डरकडे (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाकडे) गेलेला सरपटी चेंडू आणि जीव तोडून पळणारा खेळाडू, एवढंच धरा. आउटफिल्डमध्ये हिट गेली की तो सेकंडकडे वळायला बाहेरून वळसा घेतो, वेळ वाढतो. बंट (बॅट न फिरवता हळूच टेकवलेला चेंडू) सोडून द्या. काही डावरे फटका मारता मारताच पळायला लागतात, ती वेळही फसवी. दोन-तीन स्वच्छ नोंदी मिळेपर्यंत ग्रेड देऊ नका.

कॅचरचंही (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याचं) असंच : ग्लोव्ह्जमध्ये चेंडू आल्यापासून सेकंड बेसवरच्या खेळाडूच्या हाती पडेपर्यंत २.० सेकंद ही सरासरी, १.९ चांगली. डावांच्या मध्ये होणारी सरावाची फेक मोजून हुरळू नका, तेव्हा समोर बॅटर नसतो. पिचरची पहिली हालचाल ते कॅचर, १.३ सेकंद. दोन्ही मिळून ३.३ होतात आणि बेस चोरणाऱ्याला त्याच्याशी झुंजायचं असतं.

मात्र चोरलेल्या बेसची संख्या वेगाचा पुरावा म्हणून वापरू नका. २०२३ पासून मेजर लीगमध्येही बेस १५ ऐवजी १८ इंचांचे झाले. फर्स्ट ते सेकंड अंतर साडेचार इंचांनी घटलं. पिचरला एका बॅटरमागे दोनदाच पिचिंगच्या पट्टीवरून पाय काढता येतो, तिसऱ्यांदा काढून गडी टिपला नाही तर धावणाऱ्याला बेस फुकट मिळतो. चोरी सगळ्यांनाच सोपी झाली आहे.

ग्रीन्सबरोला धडाधड होम रन मारणारा मुलगा अल्टूनाला गेल्यावर थंडावला. खेळ बिघडला म्हणायचा का?

लगेच नाही. ग्रीन्सबरोचं मैदान होम रनसाठी उदार म्हणून ओळखलं जातं. त्या मुलाचे घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे काढा. बाहेरच्या मैदानांवर ताकद दिसत असेल तर काळजी नको.

दुसरं म्हणजे डबल-ए ही खरी चाळणी. तिथले पिचर मागे पडलेले (बॉल जास्त, स्ट्राइक कमी) असतानाही स्लायडर स्ट्राइकच्या पट्ट्यात टाकतात, त्यामुळे फास्टबॉलची वाट बघत बसणाऱ्याची अडचण होते. म्हणून होम रन बाजूला ठेवून आधी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि वॉकचं (चार बॉलवर मिळालेल्या फुकट बेसचं) प्रमाण बघा. स्ट्राइकआउटचा आकडा साधारण ६० वेळा बॅटिंग झाली की बोलू लागतो, वॉकचा १२० वेळांनंतर. सरासरीला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो, त्यामुळे तीन आठवड्यांच्या सरासरीवर रागावणं व्यर्थ.

वय विसरू नका. डबल-एमध्ये बहुतेक खेळाडू २३-२४ वर्षांचे असतात. तिथे वीस वर्षांच्या मुलाने .२५० मारले तर ते पंचविशीतल्याच्या .३०० हून मोलाचे.

एक सोय लक्षात ठेवा. ब्रॅडेंटनची फ्लोरिडा स्टेट लीग आणि ट्रिपल-ए इथल्या प्रत्येक चेंडूचा वेग, फटक्याचा वेग, कोन सगळ्यांना बेसबॉल सॅव्हंट या वेबसाइटवर मोफत बघता येतो. मुलगा ब्रॅडेंटनला असतानाच त्याचा सर्वांत जोरदार फटका नोंदवून ठेवा. ताशी ११० मैलांच्या पुढे गेला असेल तर ताकद आहे. मधल्या दोन संघांसाठी तुमचे डोळे आणि वहीच.

बोर्डावर ९७ दिसलं की सगळे टाळ्या वाजवतात. पिचरमध्ये आणखी काय बघावं?

पाचव्या डावातला वेग. मेजर लीगचा सरासरी फास्टबॉल आता ताशी ९४ मैलांच्या आसपास आहे, म्हणजे सुमारे १५१ किलोमीटर. पहिल्या डावात ९७ आणि पाचव्यात ९२ असेल तर तो पुढे राखीव पिचर होण्याची शक्यता जास्त. प्रत्येक डावातला कमीत कमी आणि जास्तीत जास्त वेग लिहा.

मग चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखा भासणारा हळू चेंडू. फास्टबॉलइतक्याच जोराने हात आला पाहिजे. हात मंदावला की वरच्या लीगमधला बॅटर ते अर्ध्या वाटेवरच ओळखतो. तिसरा भरवशाचा चेंडू आहे का, आणि पहिला चेंडू स्ट्राइक पडतो का, हे दोन रकाने वहीत हवेतच.

कमी डाव टाकले म्हणून कुणाला कमी लेखू नका. पॉल स्कीन्स हा २०२३ च्या ड्राफ्टमधला पहिला. २०२४ मध्ये इंडियानापोलिसला त्याने ७ सामन्यांत फक्त २७⅓ डाव टाकले. त्यात ४५ स्ट्राइकआउट काढले आणि ईआरए (दर नऊ डावांमागे पिचरच्या नावावर लागणाऱ्या धावा) ०.९९ ठेवला. चेंडू मोजून-मापून दिले जात होते, दमछाकीचा त्यात काही संबंध नव्हता. ११ मे २०२४ ला तो पिट्सबर्गला पोचला. उलट बबा चँडलर १०० मैलांच्या आसपास फेकत असूनही ट्रिपल-एमध्ये वॉक वाढल्याने रेंगाळला आणि २२ ऑगस्ट २०२५ ला वर आला. हा चँडलर २०२१ च्या तिसऱ्या फेरीतला, पण करार करताना त्याला ३० लाख डॉलर मिळाले होते. फेरीपेक्षा रक्कम बघा, संघाचं खरं मत तिथे कळतं.

पुण्यात शाळेत भालाफेक शिकवतो. भाला फेकणारा मुलगा पिचर होऊ शकतो असं ऐकलं, खरं का?

पायरेट्सनेच ते करून पाहिलं आहे. पिचर शोधण्यासाठी भारतात झालेल्या २००८ च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून निवडलेले उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल दोघंही भालाफेकीतले. नोव्हेंबर २००८ मध्ये पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. क्रिकेटच्या गोलंदाजाला हात सरळ ठेवायची सवय असते, भाल्यात कोपर वाकून पुढे येतं. ते पिचरच्या हालचालीच्या जवळ जातं. रिंकूने जुलै २००९ मध्ये सामना जिंकला, अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल सामना जिंकणारा तो पहिला भारतीय पिचर. पण तो सिंगल-एच्या वर गेला नाही, पुढे दुखापतींनी गाठलं. दिनेशला २०१० नंतर मोकळं केलं गेलं. हातात जोर होता. कमी पडली ती बारा वर्षांची असल्यापासूनची सवय : बंट उचलणं, बेसवरच्या गड्याला रोखणं, तोच चेंडू त्याच जागी पन्नास वेळा टाकणं.

तेव्हा सर, मुलाला लवकर सुरुवात करू द्या आणि चेंडू मोजा. अमेरिकेत १५-१६ वर्षांच्या मुलासाठी दिवसाला कमाल ९५ पिच अशी शिफारस आहे, आणि ७५ च्या वर गेला तर चार दिवस विश्रांती. भाल्याचा जोरदार सराव असलेल्या दिवशी पिचिंग नको. कोपराला दोन्हींचा ताण एकाच जागी बसतो.

पिचर कुमार रॉकरबद्दल वाचलं. एवढा चांगला होता तर न्यूयॉर्क मेट्सने त्याला सोडलं कसं?

आईकडून भारतीय वंशाचा असलेला रॉकर २०२१ च्या ड्राफ्टमध्ये दहावा निवडला गेला, पण वैद्यकीय तपासणीनंतर मेट्सने करारच देऊ केला नाही. २०२२ मध्ये टेक्सास रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. २०२३ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला. एमआरआयमधलं आपल्याला दिसत नाही. दिसतं ते एवढंच : फेकल्यावर हात झटकणं, डावांमध्ये वेग अचानक उतरणं, हात सोडायची जागा खाली येणं. यातलं काही दिसलं की तारीख आणि डाव लिहून ठेवा.

वहीत एका खेळाडूसाठी किती लिहावं?

एक पान. वर तारीख, मैदान, वारा कुठल्या दिशेने, खेळाडूचं वय. मध्ये प्रत्येक बॅटिंगची एक ओळ : चेंडूचा प्रकार, फटका कुठे, फाउल कुठे, घड्याळ. खाली पाच कौशल्यांचे दोन-दोन आकडे. तळाला एक वाक्य : हा वर गेला तर कोणत्या जागी खेळेल आणि अडला तर कशामुळे अडेल. ते वाक्य सामना संपायच्या आत, गाडीकडे निघण्याआधी लिहा. घरी जाऊन धावफलक पाहिला की हात आपोआप आकड्यांकडे वळतो. तीन सामने पाहून झाल्यावर तिन्ही पानं शेजारी ठेवून मगच ग्रेड पक्के करा, आणि खोडलेला आकडा वाचता येईल असाच खोडा.