अँटिबायोटिक चालू असताना व्हिटॅमिन सी आणि ई घेतलं तर लिव्हर वाचतं का?

उंदराचं वाचतं. आयसोनियाझिड-रिफाम्पिसिन ही टीबीची औषधं देऊन उंदरांचं लिव्हर बिघडवायचं आणि सोबत सी नाहीतर ई (दोन्ही अँटिऑक्सिडंट) द्यायचं, असले प्रयोग झालेत आणि त्यात रक्तातली लिव्हरची एन्झाइम कमी वाढतात हे खरं. पण उंदराला मापून डोस मिळतो आणि त्याला भावोजी नसतात.

मला होते. मानेतल्या गाठीचा टीबी, ६ महिन्यांच्या गोळ्या, त्यात मार्च महिना, आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूच्या दारूच्या भट्ट्या पेटलेल्या. भावोजी वाळपयहून व्हिटॅमिनच्या कॅप्सूलची बाटली घेऊन आले, सोबत गुळवेलीचा काढा, वर म्हणे "एवढं अँटिऑक्सिडंट पोटात आहे तर ग्लासभर हुर्राकाने काय होतंय रे". हुर्राक म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू. मी घेतला, खोटं कशाला बोलू, चारपाचदा घेतला. पाचव्या आठवड्यात हुमणाचा, म्हणजे माशाच्या कालवणाचा, वास आला तरी उलटी. लघवी लाल होती पण रिफाम्पिसिनने ती सगळ्यांचीच होते म्हणून तिकडे लक्षच नाही, शेवटी आईने उजेडात नेऊन डोळे बघितले तर हळद! एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) ३१२, असायला हवं ४० च्या आसपास. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या थांबवल्या, रिपोर्ट उतरल्यावर एकेक करून परत चालू केल्या, त्यातलं पायराझिनामाइड मात्र परत दिलंच नाही.

भावोजींचं अजून तेच, व्हिटॅमिन नसतं तर याहून वाईट झालं असतं. आता यावर काय बोलणार? गुळवेलीनेच लिव्हर बिघडल्याच्या केसेस कोविडच्या काळात मुंबईत नोंदल्यात, ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्याही अँटिऑक्सिडंट म्हणूनच विकतात आणि त्यांनीही लिव्हर खराब झालेली माणसं आहेत, व्हिटॅमिन ए जास्त झालं तर ते थेट लिव्हरवरच जातं.

तुम्ही कुठलं अँटिबायोटिक ते लिहिलंच नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव असेल तर कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा कावीळ येऊ शकते, अंगाला खाज सुटली, भूक मेली की एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करा, कॅप्सूलच्या पैशात होऊन जाईल. आवळा खा, पेरू खा, त्याला कोण नको म्हणतंय.

हां, टीबीच्या गोळ्यांबरोबर बी६ दिलं असेल तर ते बंद करू नका, ते नसांसाठी असतं, लिव्हरशी त्याचा संबंध नाही. आणि पॅरासिटॅमॉल जास्त झाल्यावर हॉस्पिटलात एसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट देतात ते खरंच काम करतं, ती गोष्ट वेगळी. मी डॉक्टर नाही, पंचायतीत क्लार्क आहे.

भावोजी, वाचत असाल तर अर्धी बाटली अजून फ्रीजवर आहे, चतुर्थीला याल तेव्हा घेऊन जा.