टोडस्टूल मेलेला नाही, कात टाकतोय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात खाऱ्या पाण्याचा टँक, दगड वगळून साधारण 100 लिटर पाणी, सात महिने झाले. टोडस्टूल लेदर (देठ आणि छत्रीसारखी टोपी असलेला मऊ प्रवाळ, म्हणजे सॉफ्ट कोरल) नऊ दिवसांपासून मिटून बसलाय आणि त्यावर मेण चढल्यासारखी चकाकी आलीय. शेजारचा झेनिया (मुठीसारखी उघडझाप करणारा दुसरा सॉफ्ट कोरल) दोन दिवसांत वितळून गेला. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. उन्हाळ्यामुळे पंखा लावलाय, दर चार दिवसांनी घरच्या आरओचं पाणी भरता. दुकानदार म्हणतो आयोडीन टाका. टोडस्टूल काढून टाकू का, आयोडीन किती टाकू, आणि झेनियाचा दगड उकळून पुन्हा वापरू का? त्या दगडावर थोडे तपकिरी झोआ (प्रवाळांचे फुलांसारखे दिसणारे छोटे नातेवाईक) आहेत.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे कोरलच्या नाही, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. तो दगड उकळू नका. गरम पाण्याखाली धरू नका, ओव्हनमध्ये घालू नका, बाहेर काढून ब्रशने घासू नका. झोआ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्राण्यांत पॅलिथोआही येतात, आणि त्यांच्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी ते एक. हवाईतल्या माउई बेटावर हाना गावाजवळ खडकातलं एक डबकं होतं. तिथलं ‘शेवाळ’ लोक भाल्याच्या टोकाला लावत, अशी जुनी आख्यायिका आहे. प्रत्यक्षात तो पॅलिथोआ निघाला आणि 1971 मध्ये त्याच्यापासूनच हे विष पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. उकळल्याने ते नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर खोलीभर पसरतं. परदेशात असे दगड घरात उकळल्यामुळे अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल झाली आहेत. तोंडात कडवट, धातूसारखी चव, थंडी वाजून ताप, अंगदुखी, धाप लागणं, ही त्याची लक्षणं. डोळ्यात उडालं तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. कोणता झोआ विषारी आणि कोणता नाही हे नुसतं बघून कुणालाही सांगता येत नाही. म्हणून दगड टँकमध्येच राहू द्या, झेनियाचं जे उरलंसुरलं आहे ते बाकीचे जीव साफ करतील. पुढेही झोआंना हात लावायचा झाला तर हातमोजे आणि चष्मा घालूनच. हाताला कापलेलं असेल तर त्या दिवशी हात घालूच नका. आणि चुकून असा त्रास झालाच, तर डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द लिहून दाखवा.

आता टोडस्टूल. तुम्ही केलेलं वर्णन वाचून माझा जीव भांड्यात पडला, कारण मरणारा लेदर असा दिसत नाही. तो कात टाकतोय. सार्कोफायटॉन जातीचे सगळेच लेदर हे करतात: पॉलिप (अंगावरची फुलासारखी बारीक तोंडं) आत ओढून घेतात, अंगावर मेणचट पापुद्रा तयार करतात आणि मग तो शेवाळ आणि साचलेल्या घाणीसकट सोडून देतात. याला चार दिवस लागतात, कधी दोन आठवडेही लागतात. माझ्या ठाण्यातल्या टँकमधला टोडस्टूल गेली नऊ वर्षं वर्षातून चार-पाच वेळा मिटतो. पहिल्या वेळी मी रोज रात्री टॉर्च घेऊन त्याच्यासमोर बसायचे. अकराव्या दिवशी टोपीच्या एका कडेला दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा सुटलेला दिसला. प्रवाहात तो फडफडत होता. संध्याकाळपर्यंत अर्धी साय निघाली आणि खालून पिवळसर, स्वच्छ कातडी दिसली. दुसऱ्या दिवशी पॉलिप बाहेर आले. भिंग लावून बघितलं तर प्रत्येक पॉलिपला बरोबर आठ हात, आणि प्रत्येक हाताला दोन्ही बाजूंनी पिसासारखे बारीक दाते. खऱ्या सॉफ्ट कोरलची हीच खूण, आठ हात. तुमच्या झोआंचे हात मोजाल तर ते कितीतरी जास्त आणि साधे, बिनपिसांचे दिसतील. आपण त्यांना सॉफ्ट कोरलमध्ये धरतो खरं, पण जातकुळी वेगळी.

मिटलेला आणि मेलेला यांतला फरक ओळखायला देठ बघा. देठ ताठ, घट्ट आणि एकाच रंगाचा असेल तर थांबायचं. देठावर काळपट किंवा पांढरट डाग पडून मांस खचायला लागलं, बोट न लावताही तुकडे सुटायला लागले, पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास आला, तरच ते कुजणं आहे. तेव्हाही पूर्ण कोरल टाकायचा नाही. धारदार ब्लेडने कुजका भाग आणि त्याच्याभोवतीचा अर्धा इंच चांगला भाग कापून टाकायचा, उरलेला जगतो. नुसता देठ उरला तरी त्याला नवी टोपी फुटते.

सध्या एकच करा. वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) थोडा वळवून त्याच्या टोपीवरून हलता प्रवाह जाऊ द्या, म्हणजे पापुद्रा सुटायला मदत होईल. धार थेट अंगावर मारू नका. पापुद्रा बोटाने सोलू नका, चिमट्याने ओढू नका, आणि त्याला उचलून दुसरीकडे ठेवू नका. दर दोन दिवसांनी जागा बदलल्यामुळे मेलेले लेदर मी जास्त पाहिलेत, रोगाने मेलेले कमी.

पण झेनियाचं काय? झेनिया कधी कधी कारण न दाखवता वितळतो हे खरं, तरी तुमच्या बाबतीत मला कारण दिसतंय. पंखा लावल्यावर पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये एवढ्या टँकमधून दिवसाला दोन लिटर पाणी सहज उडतं. मीठ मात्र उडत नाही. चार दिवसांत आठ लिटर गेले, उरलं 92. सुरुवातीला क्षारता (किलोभर पाण्यात किती ग्रॅम मीठ) 35 असेल तर ती 38 वर जाते. मग तुम्ही एकदम आठ लिटर गोडं पाणी ओतता आणि ती काही मिनिटांत पुन्हा 35 वर येते. दर चार दिवसांनी हा झोका. आकडा 34 आहे की 36, याचं सॉफ्ट कोरलला फारसं काही वाटत नाही. तो रोज तोच असावा एवढंच त्यांना हवं असतं. लेदर चिवट म्हणून मिटून बसला, झेनियाला ते झेपलं नाही.

उपाय स्वस्त आहे. काचेवर पाण्याच्या पातळीला मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत गोडं पाणी हळूहळू भरा. जमलं तर फ्लोटचा ऑटो टॉप-ऑफ (पातळी घटली की आपोआप पाणी भरणारं यंत्र) बसवा. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, आणि तो रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या तयार द्रावणाने जुळवून घ्या, नुसत्या गोड्या पाण्याने शून्य दाखवला म्हणजे वरचा आकडा बरोबर असतोच असं नाही. आज मोजून 37-38 भरली तर एका दिवसात खाली आणू नका, तीन-चार दिवस घ्या.

तापमान 24 ते 27 च्या मध्ये हवं. तुमच्याकडे पंखा चालतो, कारण हवा कोरडी आहे. पावसाळ्यात तोच पंखा तेवढं काम करणार नाही हे लक्षात ठेवा. आमच्या ठाण्यात मे महिन्यात अंगावरचा घाम वाळत नाही, तसंच टँकमधलं पाणीही फारसं उडत नाही, म्हणून मला शेवटी चिलर घ्यावा लागला. दुपारी 29 आणि पहाटे 25 असं होत असेल तर आधी टँकचे दिवे दुपारऐवजी संध्याकाळी लावायला लागा. दोन अंशांचा फरक तिथेच पडतो.

घरच्या आरओच्या पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे आपल्या घरांत एक वेगळाच धोका आहे. पिण्याच्या आरओत चव राहावी म्हणून थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावलात तर 50, 80, कधी त्याहून जास्त दाखवेल. टँकला शून्य हवं, म्हणजे आरओच्या पुढे, उरलेले क्षार काढून घेणारा डीआय रेझिनचा एक फिल्टर लागतो. हल्ली काही प्युरिफायर मुद्दाम पाण्यात तांबं सोडतात. माणसाला ठीक असेल, पण कोरल, कोळंबी, गोगलगायी यांना तांबं विष आहे. तुमचं यंत्र तसलं आहे का ते आज बघा. 2017 मध्ये मी डीआयचं पाणी एका रात्रीपुरतं सासूबाईंच्या तांब्याच्या हंड्यात काढून ठेवलं होतं. कॅन धुवायला टाकला होता, दुसरं मोठं भांडं रिकामं नव्हतं. असं शुद्ध पाणी भांड्यातलं तांबं भराभर ओढून घेतं. दुसऱ्या दिवशी ते टँकमध्ये भरलं. आधी गोगलगायी काचेवरून खाली पडल्या, मग झोआ मिटले, आठवड्यात दोन लेदर गेले. तेव्हापासून टँकच्या पाण्याला फक्त खाण्याच्या दर्जाचं प्लास्टिक. माशांच्या औषधांतही पुष्कळदा तांबं असतं, तेव्हा मासा आजारी पडला तर त्याला वेगळ्या टबमध्ये काढूनच औषध द्या. डासांचा फवारा आणि पेस्ट कंट्रोलचंही तेच. घरात फवारणी ठरली असेल तर टँक झाकायचा, एअरपंप बंद ठेवायचा आणि खिडक्या उघडून खोली मोकळी झाल्यावरच उघडायचा.

आयोडीन टाकू नका. तुमच्याकडे ते मोजायची सोय नाही, आणि जे मोजता येत नाही ते टँकमध्ये ओतायचं नाही. चांगल्या सागरी मिठात आयोडीन असतंच. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की सॉफ्ट कोरलला पुरतं. बदलाचं पाणी आदल्या दिवशी कालवून, टँकच्या तापमानाला आणि क्षारतेला आणून मगच घाला.

नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शून्य ही मला आनंदाची बातमी वाटत नाही. सॉफ्ट कोरलच्या अंगात राहणारी शेवाळं उजेडावर अन्न तयार करतात, पण त्यांनाही थोडं खत लागतं. अगदी धुवून काढलेल्या पाण्यात झेनिया आणि मशरूम कोरल आक्रसत जातात, शिवाय तपकिरी, बुडबुडेवाल्या डायनोफ्लॅजेलेट्स नावाच्या सूक्ष्मजीवांचा चिकट थर वाढतो तोही अशाच पाण्यात. नायट्रेट 5 ते 10, फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम (दहा लाखांत किती भाग) इथे येऊ द्या. फॉस्फेट शोषणारी पावडर असेल तर काढा, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) रात्री काही तास बंद ठेवा, माशांना एक वेळ जास्त खाऊ घाला. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद, डीकेएच हे तिचं माप) 8 ते 9 डीकेएच. कॅल्शियम पाणी बदलण्यातूनच भागेल. सॉफ्ट कोरलला दगडी सांगाडा नसतो, मांसात चुन्याच्या बारीक सळया तेवढ्या असतात.

एक गोष्ट मात्र वाढवा: ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे पाण्यातली रसायनं शोषून घेणारा कोळसा. लेदर दिसायला गरीब, पण शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी पाण्यात टर्पीन नावाची रसायनं सोडतो. मोठ्या समुद्रात ती वाहून जातात, 100 लिटरमध्ये साचतात. मूठभर कार्बन धुवून जाळीच्या पिशवीत, प्रवाहात ठेवा, दर तीन आठवड्यांनी बदला.

झेनिया परत घ्यायचा मोह होईल, मला कळतं. त्याची मूठ उघडते-मिटते ते बघत तास निघून जातो. 2013 मध्ये इस्रायली संशोधकांनी लाल समुद्रातल्या त्याच्या एका भाऊबंदावर काम करून दाखवलं, की या हालचालीमुळे अंगाभोवती साचलेला ऑक्सिजन दूर होतो आणि आतल्या शेवाळाचं अन्न बनवण्याचं काम वाढतं. पण निदान दोन महिने थांबा. तोवर वहीत रोज क्षारता आणि तापमान लिहा, आणि ओळीने आठ आठवडे आकडे जागचे हलले नाहीत तरच घ्या. कुणाच्या तरी टँकमध्ये वाढलेला तुकडाच मागा, समुद्रातून उपटलेला नको. आणि मालवणला गेलात तर किनाऱ्यावरून कोरलचा दगड उचलून आणू नका, मेलेला दिसला तरी नाही. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने.

झेनियाचा तुकडा मिळाला की त्याला सुपरग्लू लावू नका, त्याच्या चिकट अंगावर तो धरत नाही. एका वाटीत कोरलचा बारीक चुरा घाला, त्यावर तुकडा ठेवा, वरून ओढणीच्या नेटचं कापड रबर बँडने बांधा आणि वाटी टँकच्या तळाशी मंद प्रवाहात ठेवा. चार-पाच दिवसांत तो एखाद्या खड्याला धरेल. तो खडा उचलून वेगळ्या, एकट्या दगडावर चिकटवा, भोवती वाळू मोकळी सोडून. झेनिया जगला तर पसरतो, आणि मुख्य खडकावर चढला की उतरवता येत नाही.