पाडायला सगळे, बनवायला कोणीच नाही

प्रश्न : फ्रान्समधे पंतप्रधान टिकतच नाहीत, जर्मनी नेदरलँड्समधे पण आघाड्या फुटल्या. एवढ्या जुन्या लोकशाह्या आणि ही अवस्था? आणि सरकारच नसेल तर तिकडं कारभार बघतं कोण?

उत्तर : सरकार पाडायला फक्त ‘हे नको’ एवढ्यावर एकमत पुरतं हो, घोळ तिथंच आहे. फ्रान्समधे 2024 च्या निवडणुकीत संसद तीन गटांत विभागली गेली, बहुमत कुणालाच नाही, आणि डिसेंबरमधे पंतप्रधान बार्निए यांच्यावर अविश्वास ठराव आला तेव्हा डावे आणि कट्टर उजव्या ले पेन यांचे खासदार, ज्यांचं एरवी एकमेकांशी अजिबात पटत नाही, त्यांनी मिळून 331 मतं टाकून त्यांना घरी बसवलं. पण त्या 331 जणांचा मिळून पंतप्रधान कोण? कोणीच नाही. मग बायरू आले, सप्टेंबर 2025 मधे तेही गेले.

आपल्याकडं 1999 ला वेगळं काय झालं? जयललितांनी पाठिंबा काढला, वाजपेयींचं सरकार 269 विरुद्ध 270 असं एका मतानं पडलं आणि पाडणाऱ्यांना पर्यायी सरकार काही जुळवता आलं नाही. कारगिलची लढाई झाली तेव्हा दिल्लीत काळजीवाहू सरकार होतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच नसतं.

जर्मनांनी वायमारच्या काळात, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या त्यांच्या लोकशाहीत, हे इतकं भोगलं की नंतरच्या घटनेत पाचरच मारून ठेवली, चॅन्सेलरला, म्हणजे त्यांच्या पंतप्रधानाला, काढायचंय ना, मग त्याच मतदानात नवा निवडून दाखवा. 1972 ला चॅन्सेलर ब्रांट यांना हटवायला विरोधकांना दोन मतं कमी पडली, 1982 ला आघाडीतल्या एफडीपी या छोट्या पक्षानं बाजू बदलली आणि श्मिट जाऊन कोल आले, बास, एवढं एकदाच जमलंय. अर्थात आघाडीच आतून फुटली तर ही पाचर पण कामाची नाही. 2024 मधे बजेटवरून वाजलं, चॅन्सेलर शोल्झ यांनी एफडीपीच्या अर्थमंत्र्याला काढलं, खेळ खल्लास. आणि पुढच्या निवडणुकीत एफडीपी 5 टक्क्यांच्या खाली जाऊन संसदेतूनच बाहेर! छोट्या पक्षाची ही कायमचीच कुचंबणा, सत्तेत राहिलं तर आपले मतदार चिडतात, भांडून बाहेर पडलं तर सगळेच.

कारभाराचं म्हणाल तर जुनंच मंत्रिमंडळ काळजीवाहू म्हणून बसून राहतं. बेल्जियममधे 2010-11 ला तब्बल 541 दिवस असं चाललं, पगार पेन्शन काही थांबलं नाही. नवं बजेट मंजूर नसलं की दर महिन्याला जुन्या बजेटचा बारावा हिस्सा खर्चायचा अशी तिथं सोय आहे. फक्त मोठे निर्णय लोंबकळत राहतात, आणि त्याची किंमत लगेच दिसत नाही म्हणून कुणी बोंबलत नाही.

प्रश्न : मग एकाच पक्षाचं बहुमत बरं नाही का?

उत्तर : ब्रिटनमधे 2019 ला हुजूर पक्षाला दणदणीत बहुमत होतं, तरी 2022 या एका वर्षात जॉन्सन, ट्रस, सुनक असे तीन पंतप्रधान झाले, ट्रस बाईंना तर दोन महिनेही मिळाले नाहीत. तिथं पाडणारे मित्रपक्ष नव्हते, स्वतःचेच खासदार होते.