मधल्या खोलीत दिवसाही अंधार असतो, स्लॅबमध्ये स्कायलाईट करावं का? पावसाळ्यात गळेल का?

तुम्ही लिहिलंय की रो हाऊस आहे, दोन्ही अंगाला शेजाऱ्यांच्या भिंती, मधला हॉल आणि जिना भर दुपारी काळोखात, आणि मिस्त्री म्हणतोय की वरच्या स्लॅबला चार बाय चारचं भोक पाडून काच टाकून देतो, दोन दिवसांचं काम. भोक दोन दिवसांत पडेल हो, प्रश्न त्याच्या नंतरचा आहे. मी सांगली-मिरज भागात घरदुरुस्तीची कामं घेतो, असले प्रकार भरपूर बघितलेत, आणि माझं सरळ मत आहे की आपल्याकडं काच आडवी टाकू नका, उभी करा.

का ते सांगतो. आपल्या भागात मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस म्हणतात तोच. म्हणजे ऐन उन्हाळ्यात ऊन जवळजवळ सरळ खाली पडतं आणि आडव्या काचेतून ते सगळं थेट तुमच्या हॉलच्या फरशीवर. परदेशातले फोटो बघून लोक मोठ्ठी काच मागतात, पण त्या थंड मुलखात ऊन तिरकं असतं आणि घर तापलेलं त्यांना हवंच असतं. इथं मे महिन्यात त्या काचेवर गोणपाट टाकायची पाळी येते, आणि एकदा टाकलेलं गोणपाट दिवाळीपर्यंत तिथंच, मग खर्च कशाला केला?

उभी काच म्हणजे काय तर स्लॅबच्या भोकावर छोटी टोपी (चार भिंती आणि वर छत) उचलायची आणि तिच्या उत्तरेच्या बाजूला काच लावायची. मुंबईतल्या जुन्या गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं आठवा, ती याच हिशोबानं केलेली, ऊन नको पण उजेड पाहिजे. मेपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य दुपारी थोडा उत्तरेला सरकतो खरा, पण काचेवर फूटभर छज्जा काढला की तेवढं दुपारचं ऊन अडतं. वर दोन लूव्हर (तिरक्या पट्ट्यांच्या झडपा) ठेवा, जाळी लावून, म्हणजे गरम हवा पण तिथून निघून जाते.

आणि तुमच्या केसमध्ये तर बहुतेक स्लॅब तोडायचीच गरज नाही!! गच्चीवर जायच्या जिन्याला टोपी आहे का? असेल तर तिची उत्तरेची वीटभिंत काढून तिथं काच बसवा (फक्त ती भिंत टोपीचा स्लॅब पेलत नाही ना ते बघून घ्या, पेलत असेल तर आधी लिंटेल, म्हणजे वरचा भार घेणारी आडवी तुळई, टाकावा लागेल), लोखंडी दाराच्या जागी वरचा अर्धा भाग काचेचा असलेलं दार लावा आणि जिन्याच्या भिंतींना पांढरा रंग मारा. जिन्याच्या मधोमध मोकळी जागा असेल तर उजेड सरळ खाली हॉलपर्यंत येतो. आधी एवढं करून बघा, पुरलं नाही तर पुढचं.

पुढचं म्हणजे स्लॅब तोडणं. हे इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नका, मिस्त्रीच्या शब्दावर तर अजिबात नाही. स्लॅब एका दिशेनं पेलणारा असेल तर मुख्य सळया खोलीच्या आखूड बाजूनं जातात, भोकाची लांब बाजू त्याच दिशेनं ठेवली की कमी सळया कापल्या जातात, कापलेल्यांचा भार कडेला कसा घ्यायचा ते तो सांगेल. काही जण सळया तशाच ठेवून ग्रिल म्हणून वापरतात, फुकटात ग्रिल, मला ते पटत नाही, उघडी सळई गंजते आणि गंज हळूहळू स्लॅबमध्ये शिरतो. ग्रिल वेगळं करा. आणि चार बाय चार कशाला, दहा बाय दहाच्या खोलीला दोन बाय दोन पण पुष्कळ होतं.

गळण्याचं म्हणाल तर काच गळत नाही, कड गळते. स्लॅबच्या सपाटीला फ्रेम ठेवून सिलिकॉन मारलं की दोन-तीन पावसाळे जातात, उन्हानं ते सुटतं आणि मग दरवर्षी बादली. भोकाभोवती निदान नऊ इंच उंच आरसीसीचा कठडा घ्या, कोब्याच्या (स्लॅबवरच्या वॉटरप्रूफिंगच्या थराच्या) वर नऊ इंच बरं का, कारण कोबाच चार-पाच इंच खातो. कठड्याच्या पायथ्याशी सगळीकडून वाटा (कोपऱ्यात सिमेंटची गोलाई) मारून घ्या, वॉटरप्रूफिंग कठड्यावर चढवा, आणि वरची फ्रेम कठड्याच्या बाहेर दोन इंच लोंबती ठेवा म्हणजे पाणी आत न वळता बाहेर ठिबकतं. पूर्वी माळवदाला (मातीच्या सपाट छताला) उजेडासाठी भोक ठेवायचे त्याला पण मातीचा उंच काठ असायचा, आणि पाऊस आला की पोरांना वर पिटाळायचं ते झाकायला.

काच लॅमिनेटेडच घ्या. नुसती टफन्ड फुटली की दाणे होऊन खाली डोक्यावर, लॅमिनेटेडमध्ये दोन काचांमध्ये पापुद्रा असतो, तडकली तरी जागेवर राहते. माकडं आणि क्रिकेटवाली पोरं दोन्ही आहेत आपल्याकडं. पॉलीकार्बोनेट (पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा) स्वस्त पडतं पण काही वर्षांनी पिवळं होतं, वापरलंच तर यूव्ही कोटिंगची बाजू वर येते का ते स्वतः उभं राहून बघा, त्यावर छापलेलं असतं तरी लोक उलटं लावतात. स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायला सांगा, पत्रा उन्हात फुगतो.

मागच्या पडवीवर मंगलोरी कौलं असतील तर तिथं यातलं काहीच नको, त्याच साच्याचं काचेचं कौल मिळतं, एक काढायचं आणि हे ठेवायचं, संपलं.

काम दिवाळीनंतर काढा. झालं की गच्चीचे पाईप बुजवून पाणी कोंडायचं, कठड्याच्या पायथ्याला तीनेक इंच, आणि दोन दिवस तसंच ठेवून खालून ओल येते का बघायचं. मिस्त्रीचा शेवटचा हप्ता त्यानंतर.